अंगणातील भूतयज्ञ

'वन्यजीव' हा शब्द उच्चारताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ताडोबाचा वाघ उभा राहतो. मेळघाट, पेंच, बोर, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि ताडोबा-अंधारी असे सहा व्याघ्रप्रकल्प महाराष्ट्रात आहेत आणि त्यांचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. परंतु ह्या अभिमानाची एक मोठी सोय अशी की, तो बाळगण्यासाठी स्वतःला काहीही करावे लागत नाही. वाघ दूर अरण्यात, त्याची चिंता वन खात्याकडे आणि आपल्या वाट्याला सुट्टीतली जीपसफारी, अशी ही सुखाची वाटणी आहे. स्वतःच्या कुंपणाच्या आतला कोपरा ह्या वाटणीत कोणाच्याच हिशेबात येत नाही. तेथे पाने शिवून घरटे करणारा शिंपी, भिंतीच्या भोकात संसार थाटणारा दयाळ, न्हाणीघराच्या सांडपाण्याकाठचा बेडूक, लिंबाच्या पानावरची अळी हे सारे वन्यजीवच. पण त्यांची नोंद घेतली जाते ती बहुधा औषध फवारताना किंवा झाडू मारताना.

आपल्या परंपरेने गृहस्थाला पाच नित्य यज्ञ सांगितले आहेत. त्यांतला भूतयज्ञ हा प्राणिमात्रांसाठी. घरात शिजलेल्या अन्नातला वाटा घरातल्या माणसांआधी बाजूला काढायचा, हा त्याचा साधा आचार. गोग्रास, काकबळी, मुंग्यांच्या वारुळाशी टाकलेली चिमूटभर साखर ही त्याचीच रूपे. ह्यामागची कल्पना अशी की, गृहस्थाचे घर हे एकट्या गृहस्थाचे नसते. त्या जागेवर इतरही अनेकांचा हक्क असतो. आज ह्यातले काय उरले आहे? वर्षातून एकदा, पितृपक्षात, हातात पान घेऊन गच्चीवर उभे राहायचे आणि कावळ्याची वाट पाहायची. मग पान शिवायला कावळा येत नाही म्हणून पितरांची कोणती इच्छा अपुरी राहिली असावी, ह्याची चर्चा रंगते. घरटे बांधायला त्या कावळ्याजवळ झाड उरले आहे काय, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत निघत नाही.

भूतयज्ञाचा अर्थ 'दाणे टाकणे' एवढाच घेतला की काय होते, ते मुंबईने २०२५ मध्ये पाहिले. कबुतरखाने बंद करण्यावरून उच्च न्यायालयापर्यंत वाद गेला, रस्त्यावर आंदोलने झाली. श्रद्धा विरुद्ध आरोग्य असे त्या वादाचे चित्र रंगवले गेले. वास्तविक तो प्रश्न पक्ष्यांच्या बाजूनेही विचारायला हवा होता. पोत्यांनी टाकलेले धान्य आणि इमारतींच्या कपारी ह्यांवर कबुतरांची संख्या बेसुमार वाढते. इतर पक्ष्यांना त्याचा लाभ शून्य. देशभरातील पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' अहवालात संख्या वाढत असलेल्या मोजक्या पक्ष्यांमध्ये हे पारवे ठळकपणे आहेत. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ दीर्घकाळ श्वासातून गेल्यास फुप्फुसांचा गंभीर विकार होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्र सांगते ते निराळेच. अन्न देणे सोपे आहे. आसरा देण्यासाठी आपली जागा, आपली शिस्त आणि आपली आवड ह्यांना थोडी मुरड घालावी लागते, म्हणून ते अवघड वाटते.

चिमणीचेच उदाहरण घ्यावे. २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो, शाळांतून लाकडी घरटी वाटली जातात. ह्याच मालिकेतल्या २०२० च्या अहवालाने एक गोष्ट स्पष्ट केली. देशभराचा विचार करता चिमण्यांची संख्या गेल्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर आहे. ती घटली आहे ती मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर आणि हैदराबाद ह्या महानगरांत. म्हणजे चिमणी संपली नाही, ती महानगरांना सोडून गेली. का? दाणे खाणारी म्हणून ओळखली जाणारी ही चिमणी आपल्या पिलांना पहिले काही दिवस दाणे देतच नाही. त्यांना लागतात मऊ अळ्या आणि किडे. लाकडी घरटे टांगले, समोर तांदूळ ठेवले आणि त्याच गच्चीवरच्या प्रत्येक कुंडीत कीटकनाशक फवारले, तर पाहुण्याला पलंग दिला आणि त्याच्या लेकरांचे दूध तोडले, असे होते. जी गोष्ट चिमणीची तीच शिंपी, बुलबुल, दयाळ, वटवट्या ह्या सगळ्यांची. ज्या बागेत एकाही पानाला भोक नाही, ती बाग पाखरांच्या दृष्टीने चूल न पेटलेले घर आहे.

बागेतली अळी ही शत्रू नसून पाहुण्यांचा शिधा आहे, हे मनाला पटणे ह्यातच साऱ्या विषयाचे मर्म आहे. हे पटले की उरलेल्या गोष्टी फारशा कठीण नाहीत.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये 'ब्लू मॉर्मन' अर्थात नीलवंत ह्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातले पहिले राज्य. काळ्या मखमलीवर निळा रंग सांडावा तसे हे देखणे फुलपाखरू पावसाळ्यात शहरांतही फिरताना दिसते. पण त्याची मादी अंडी घालते ती लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच. फुलपाखरू मध कोणत्याही फुलातला पिईल. त्याची अळी मात्र ठरावीक झाडाचीच पाने खाते, ते झाड नसेल तर उपाशी मरते. तेव्हा रंगीबेरंगी फुलझाडे लावून फुलपाखरांची बाग होत नाही. ती फार तर फुलपाखरांची खानावळ होते. घर होण्यासाठी पानांचे झाड लागते. कढीपत्त्यावर, लिंबावर, बेलावर दिसणारी लिंबाळी फुलपाखराची अळी कोवळ्या वयात पाखराच्या विष्ठेच्या ठिपक्यासारखी असते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते आणि डिवचली तर डोक्यामागून तांबूस शिंगे काढून उग्र दर्प सोडते. घरातल्या मुलांना दाखवावी अशी ही मौज. बहुतेक घरांत ती चिमट्याने उचलून रस्त्यावर फेकली जाते. वाढलेले लिंबाचे झाड चार-दोन अळ्यांनी मरत नाही, त्याला पुन्हा पालवी फुटते. रोप अगदी लहान असेल तर अळ्या उचलून शेजारच्या मोठ्या झाडावर ठेवाव्यात, म्हणजे दोघेही जगतात.

ह्या दृष्टीने गणेशपूजेतल्या एकवीस पत्रींची यादी वाचण्यासारखी आहे. बेल लिंबाळीच्या अळीचा. रुई ही 'प्लेन टायगर' ह्या केशरी फुलपाखराची. रुईच्या विषारी चिकातली द्रव्ये अळी स्वतःच्या अंगात साठवते आणि त्यामुळे पाखरे त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. कण्हेर 'कॉमन क्रो'ची. दूर्वांसारख्या गवतांवर तपकिरी, ठिपक्यांची कितीतरी लहान फुलपाखरे वाढतात. बोरावर बुलबुल येतात, पिंपळाच्या फळांवर तांबट आणि धनेश, तुळशीच्या मंजिऱ्यांवर सातेरी व फुलोरी मधमाश्या. पूर्वजांनी ही यादी फुलपाखरांसाठी केली, असे म्हणणे हा उगाच मोठेपणा लाटण्याचा प्रकार होईल. ती पूजेसाठी आणि औषधी गुणांसाठी केली. पण परसात एकवीस प्रकारच्या रानझाडांना जागा हवी, एवढे तिने नकळत ठरवून टाकले होते, आणि त्याचा लाभ साऱ्या भूतमात्रांना होत होता. आता पत्री बाजारातून येते. गणेश चतुर्थीच्या आधल्या दिवशी डोंगरउतारांवरून, रस्त्यांच्या कडांवरून ती ओरबाडून आणली जाते, जुड्या बांधून विकली जाते आणि विसर्जनाच्या दिवशी निर्माल्य कलशात जाते. ज्या घराला अंगण आहे, त्याने आघाडा, माका, रुई, डोरली, मरवा, विष्णुक्रांता ह्यांतली निदान पाच-सात रोपे स्वतः वाढवली, तर पूजाही अधिक मनापासून होईल आणि डोंगराचे वस्त्रहरणही थोडे थांबेल.

येथे एका सवंग युक्तिवादापासून सावध राहिले पाहिजे. 'देशी झाड चांगले, विदेशी वाईट' ही घोषणा सोपी आहे, म्हणून ती लोकप्रियही आहे. दसऱ्याला दारावर ज्याचे तोरण बांधले जाते तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. पेरू, पपई, सीताफळ, मिरची ही सारी अमेरिका खंडातून आली, आणि पेरूवर तुटून पडणाऱ्या पोपटाला त्याची यत्किंचितही खंत नाही. सीताफळाच्या पानांवर तर 'टेल्ड जे' हे हिरव्या ठिपक्यांचे चपळ फुलपाखरू आपली पिले वाढवते, कारण सोनचाफा, अशोक म्हणून लावला जाणारा उंच आसुपालव ह्यांच्याशी सीताफळाचे नाते जवळचे आहे. म्हणून कसोटी झाडाच्या जन्मगावाची नको, त्याच्या वागणुकीची हवी. ते कोणाला खाऊ घालते? आणि ते इतरांची जागा बळकावते काय? ह्या कसोटीवर घाणेरी नापास होते. शोभेचे झुडूप म्हणून इंग्रजी अमदानीत आणलेल्या ह्या वनस्पतीने सह्याद्रीपासून सातपुड्यापर्यंत रानेच्या राने व्यापली. तिच्या फुलांवर फुलपाखरे येतात हे खरे. पण तिच्याखाली दुसरे काही उगवत नाही. झटपट हिरवाईसाठी शहरोशहरी लावलेला कोनोकार्पस हे अलीकडचे उदाहरण. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. उलट करवंदाचे काटेरी कुंपण घ्या. बुलबुलाच्या घरट्याला त्यात मांजरापासून संरक्षण मिळते, उन्हाळ्यात फळ मिळते, आणि चोरही आत शिरताना दोनदा विचार करतो. कुंती, अडुळसा, मेंदी, बहावा, पारिजातक, हादगा ह्या झाडांना फारशी निगा लागत नाही. रिकाम्या जागेत पावसाळ्यात आपोआप उगवणारा टाकळा तण म्हणून उपटला जातो, पण त्याची भाजी होते आणि पिवळी फुलपाखरे त्यावरच वाढतात. वड, पिंपळ, उंबर ह्यांचे माहात्म्य सांगायला नको. मात्र त्यांची मुळे पाया आणि टाक्या फोडतात, म्हणून ते देवळाच्या आवारात, शाळेच्या मैदानाच्या कडेला, मोठ्या भूखंडावरच शोभतात. दोन गुंठ्यांच्या अंगणात वड लावणे ही भक्ती नव्हे.

एका साध्या बागेत किती जीव राहू शकतात? इंग्लंडमधील लेस्टर शहरात जेनिफर ओवेन ह्या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या घराच्या बागेतल्या जीवांची १९७२ पासून तीस वर्षे मोजदाद केली. ती काही मुद्दाम राखलेले रान नव्हती. फुले, भाज्या, थोडी हिरवळ अशी उपनगरातली चारचौघांसारखी बाग होती. फक्त कीटकनाशकांना तेथे मज्जाव होता. तीस वर्षांच्या अखेरीस नोंद झाली २,६७३ जातींची, आणि त्यांतल्या १,९९७ एकट्या कीटकांच्या. विषुववृत्ताच्या अधिक जवळ असलेल्या, पावसाने न्हालेल्या कोकणातल्या एखाद्या परसात असा अभ्यास झाला तर आकडा कुठे जाईल, ह्याची कल्पनाच करावी. आपल्याकडेही दाखला नाही असे नाही. ठाण्याजवळ घोडबंदर मार्गावर ओवळा गावी राजेंद्र ओवळेकर ह्या शाळाशिक्षकांनी आपल्या घरच्या सुमारे दोन एकर जमिनीवर अळ्यांच्या खाद्यवनस्पती जोपासल्या आणि तेथे फुलपाखरांच्या शंभराहून अधिक जाती नांदू लागल्या. सभोवार इमारतींचे जंगल वाढत असताना हे घडले, हे विशेष.

आता नीटनेटकेपणाच्या वेडाविषयी. स्वच्छता हा गुण आहे ह्यात वाद नाही, पण बागेच्या बाबतीत आपण त्याचा अतिरेक करतो. गळलेले पान दिसले की झाडू, ढीग झाला की काडी. उघड्यावर कचरा जाळण्यास घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनीच मनाई केली होती, तरी सकाळच्या धुराचे लोट अनेक वसाहतींत आजही दिसतात. पाने झाडाच्या बुंध्याशीच पसरली तर ओल टिकते, गांडुळे वाढतात, आणि त्यांवर चरायला दयाळ व भारद्वाज येतात. वाळलेली फांदी दिसते निरुपयोगी. पण तांबट पक्षी आपली ढोली मऊ, वाळक्या लाकडातच कोरतो आणि भुंगे सुकलेल्या बांबूत घर करतात. शेवग्याची किंवा पांगाऱ्याची एखादी सुकी फांदी कोणाच्या डोक्यावर पडणार नसेल तर खुशाल राहू द्यावी. कोळिष्टके घरातली झाडावीत, कुंपणावरची नकोत. शिंपी पाने शिवतो आणि शिंजीर आपले टांगते घरटे विणतो, त्यांत कोळ्याच्या जाळ्याचा धागा लागतो. गुलाबाच्या पानांना कात्रीने कापल्यासारखी गोल वर्तुळे पडली तर तो रोग नव्हे. एक एकांडी मधमाशी आपल्या पिलांची खोली त्या तुकड्यांनी सजवते आहे.

भीतीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो हसण्यावारी नेता कामा नये. झाडी म्हटली की साप, पाणी म्हटले की डास. पक्ष्यांसाठी ठेवलेल्या मातीच्या परळात पाणी दोन बोटेच असावे, मध्ये एक दगड असावा म्हणजे मधमाश्यांनाही बसता येते, आणि परळ दर दोन दिवसांनी घासून पाणी बदलावे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडाभर तरी लागतो. त्याला तेवढी सवड मिळत नाही. जो डास होतो तो पक्ष्यांच्या परळात नव्हे, गच्चीवरच्या टायरात, फ्रीजखालच्या तबकात आणि उघड्या टाकीत. सापांचे म्हणाल तर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चौघांपासून जिवाला धोका आहे, आणि तो नाकारण्यात शहाणपण नाही. म्हणून पालापाचोळ्याचा आणि लाकडांचा ढीग दारापासून, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब असावा, अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नये, आणि साप दिसल्यास काठी न शोधता सर्पमित्राला बोलवावे. पण अंगणात मारले जाणारे बरेचसे साप असतात ते बिनविषारी धामण, किंवा मण्यार समजून ठेचलेला बिचारा कवड्या. नागपंचमीला पाटावर नाग काढणाऱ्या घरातच धामणीच्या डोक्यात काठी बसते, आणि मग उंदीर फार झाले म्हणून विषाच्या वड्या आणल्या जातात. ते विष उंदरावर थांबत नाही. अर्धमेला उंदीर गव्हाणी घुबडाला सहज सापडतो, आणि एका रात्रीत अनेक उंदीर मारणारा फुकटचा राखणदार त्या उंदराबरोबर मरतो.

ज्यांना बोलावू नये असेही पाहुणे आहेत. माकडांना खाऊ घालणे हे पुण्य नसून शेजाऱ्यांच्या डोक्याला ताप आहे. उष्टे-खरकटे उघड्यावर टाकले की भटकी कुत्री येतात आणि त्यांच्यामागे, जुन्नर-शिरूरकडच्या गावांना विचारावे, बिबट्या येतो.

एकट्यादुकट्या बागेपेक्षा मोठा निर्णय आज गृहनिर्माण संस्थांच्या सभांत होतो. जुने बंगले आणि वाडे पाडून मनोरे उभे राहत आहेत. आवारातला आंबा, जांभूळ, शेवगा जातो आणि वाहनतळाच्या छतावर हातभर मातीत पामची रांग येते. नकाशात तिला 'हरित क्षेत्र' म्हणतात. ह्या पामवर क्वचितच कोणी घरटे बांधते, हे सभासदांना ठाऊक नसते असे नाही. तो मुद्दा विषयपत्रिकेवर नसतो इतकेच. जमिनीवर जी थोडी माती उरते तिच्यावर सिमेंटचे ठोकळे बसतात, कारण पावसाळ्यात चपलांना चिखल लागतो. निदान पुनर्विकासाचा करार करतानाच सांगावे की, अमुक इतकी जमीन खालच्या मूळ मातीशी जोडलेली राहील आणि अमुक झाडे हलणार नाहीत. ही मागणी वाहनांच्या जागेइतक्याच आग्रहाने व्हायला हवी. दुसरी गोष्ट छाटणीची. महाराष्ट्रात नागरी भागांतल्या वृक्षांना १९७५ पासून कायद्याचे संरक्षण आहे आणि तोडीला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, हे बहुतेकांना माहीत असते. पण पावसाआधीची छाटणी एप्रिल-मे महिन्यांत होते, आणि नेमका तोच कावळे, बुलबुल, कोतवाल ह्यांच्या विणीचा काळ असतो. फांदीबरोबर घरटी खाली येतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या व्याख्येनुसार संरक्षित पक्ष्यांच्या अंड्यांची वा घरट्यांची नासधूस हीदेखील 'शिकार' ठरते. धोकादायक फांदी काढावीच लागते. पण ती हिवाळ्याच्या सुरुवातीला काढली तर कोणाचे बिघडत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये मारुती चितमपल्ली सोलापुरात निवर्तले. 'पक्षिकोश' सिद्ध करणाऱ्या ह्या वनाधिकाऱ्याने आदिवासींच्या, पारध्यांच्या तोंडची पशुपक्ष्यांची नावे गोळा केली, 'काकागार', 'सारंगागार' असे शब्द मराठीला दिले. ते शब्द आज ग्रंथांत सुरक्षित आहेत. पण दयाळ, शिंजीर, वटवट्या, नाचण ही नावे मुलांच्या तोंडी राहायची तर ते पक्षी खिडकीतून दिसायला हवेत.

ज्यांना अंगण नाही त्यांनी स्वतःला ह्यातून वगळू नये. सज्जातल्या चार कुंड्यांत कढीपत्ता, तुळस, पानफुटी आणि कृष्णकमळ एवढे लावले तरी तीन-चार जातींच्या फुलपाखरांची सोय होते. पानफुटीवर 'रेड पिएरो' आणि कृष्णकमळावर 'टॉनी कोस्टर' अंडी घालतात, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरसुद्धा. जास्वंद लावायची तर एकेरी पाकळ्यांची, गावठी लाल लावावी. शिंजीर तिच्या देठाशी चोच खुपसून मध चोरतो. रात्रभर जळणारा सज्जातला दिवा मालवला, तर पारिजातकावर येणाऱ्या पतंगांची दिशाभूल होत नाही.

रोपे कोठे मिळतील, हा शेवटचा आणि व्यावहारिक प्रश्न. खासगी रोपवाटिकांत बहुधा जे खपते तेच ठेवलेले असते, तेथे अडुळसा मागितला तर मालक चेहऱ्याकडे पाहतो. सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकांत बहावा, करंज, कडुनिंब, बेल, शिवण अशी रोपे पावसाळ्याच्या तोंडावर माफक दरात मिळतात. आघाडा, माका, टाकळा ह्यांना तर विकत घ्यावेच लागत नाही. जवळच्या मोकळ्या जागेवर आश्विन-कार्तिकात बी पिकते, ते कागदाच्या पुडीत बांधून ठेवावे आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर कुंपणाच्या कडेने टाकावे. माळी ते पहिल्याच आठवड्यात तण म्हणून उपटेल. त्याला आधी सांगून ठेवावे.